आईचा राग घेऊन जा गे मारबत

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रोगराई घालवायला मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, सकाळी इतवारीत पप्पांच्या मित्राच्या गॅलरीत आम्ही सगळे उभे होतो, खाली पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी, ढोल, डीजे, घामाचा आणि गुलालाचा मिळून एक वास, मधूनच पावसाची एक बारीक सर येऊन जाणार आणि परत उमस. पिवळी मारबत समोरून आली तेव्हा तिचं तोंड बरोबर आमच्या गॅलरीच्या उंचीला आलं. बांबू-कागदाची, रंगवलेली, एवढे मोठाले डोळे. आणि खालची सगळी पोरं एका सुरात ओरडायला लागली, रोगराई घेऊन जा गे मारबत, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. आम्ही पण ओरडलो. नवरा ओरडला, माझा भाऊ ओरडला, पप्पा तर दरवर्षी घसा बसेपर्यंत ओरडतात. महागाई घेऊन जा गे मारबत. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत. माझी सहा वर्षांची लेक, मनू, मामाच्या खांद्यावर बसली होती, दोन्ही हात वर करून तिने पूर्ण जोर लावला आणि म्हणाली, आईचा राग घेऊन जा गे मारबत!

सगळे हसले. बाजूच्या काकू तर डोळे पुसून पुसून हसल्या, आणि मी पण हसली, कारण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

पण तिचं वाक्य संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तिने मारबतीकडेच पाहिलं. तिला कोणाला हसवायचं नव्हतं. तिने मनापासून मागितलं होतं, जसं पप्पा त्यांच्या गुडघ्यासाठी मागतात. पोळा होऊन आता बरेच दिवस झाले तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. पोळ्या लाटताना आठवतं, ऑफिसमध्ये एक्सेल उघडून बसली की आठवतं. रोगराई, इडा पिडा, खासी-खोकला आणि त्याच रांगेत माझा राग.

आता झालं काय होतं ते सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसमध्ये ऑडिट होतं, निघायला उशीर, वर्धा रोडवर पाणी साचलेलं, ॲक्टिव्हा दोनदा बंद पडली, घरी पोचली तर साडेसात. डोक्यात यादी सुरू होती, डाळ भिजवायची, तूप काढून ठेवायचं, सकाळी पुरण, पिठोरीची पूजा, खीर-पुरी, आणि सुट्टी मिळाली नव्हती म्हणून हे सगळं नऊच्या आत. ते तूप म्हणजे मी पंधरा दिवस साय साठवली होती. रोज रात्री दूध थंड झालं की चमच्याने साय काढायची, फ्रीझरच्या डब्यात टाकायची, मग ती सगळी विरजायची, रविवारी सकाळी घुसळायची, लोणी वर आलं की बर्फाच्या पाण्याने धुवायचं आणि मंद गॅसवर कढवत उभं राहायचं. कडेला बदामी बेरी दिसायला लागली की त्याच मिनिटाला गॅस बंद, एक मिनिट इकडे तिकडे झालं तर करपतं. एवढं करून एक बरणी निघाली होती. ती बरणी मला सोफ्यावर दिसली. रिकामी. बाजूला मनू मांडी घालून बसलेली, मांडीवर तिचा लाकडाचा बैल, आणि ती त्याच्या खांद्याला दोन्ही हातांनी तूप चोळत होती. फ्रॉकला तूप, सोफ्याच्या कव्हरला तूप, केसांत तूप.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आणि मग ओरडली. काय काय बोलली ते मला नीट आठवत नाही, तिला आठवत असेल. एवढं आठवतं की ओरडताना माझा आवाज माझ्याच कानाला ओळखीचा वाटला, पण तो माझा नव्हता, तो माझ्या आईचा होता, माझ्या लहानपणीचा. आणि माझ्या हाताला तूप लागलं होतं, तिच्या फ्रॉकचं. मी हात धुतला, साबणाने दोनदा धुतला, तरी रात्री झोपताना उशीवर हात ठेवला की तुपाचा वास येत होता.

ती रडता रडता एकच गोष्ट सांगत होती आणि मी ऐकून घेत नव्हती. नंतर सासूबाईंनी सांगितलं. दुपारी तिच्या पणजोबांचा गावाहून फोन आला होता, त्यांनी तिला पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात ते सांगितलं. वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं, खांदा सोलतो, म्हणून त्या संध्याकाळी खांदेमळणी करायची, लोणी-हळद लावून खांदा चोळायचा आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. तिने ते जसंच्या तसं केलं. लोणी सापडलं नाही म्हणून तूप घेतलं. मी दार उघडून आत आली तेव्हा ती बैलाच्या कानाला तोंड लावून आवतण देत होती. मी तिचं आवतण अर्ध्यात तोडलं.

सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वाटी आणली, सोफ्याच्या प्लास्टिकवर जे साचलं होतं ते चमच्याने वरचं वरचं काढलं, म्हणाल्या, खायला नाही होणार, दिव्याला होईल. आणि वाटी देवघरात नेऊन ठेवली.

तो बैल मुळात माझ्या भावाचा. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी तान्ह्या पोळ्याला दरवर्षी तो माळ्यावरून निघायचा, झूल, बाशिंग, गळ्यात घुंगरू, खाली चार चाकं, त्यातलं एक चाक तेव्हापासून किर्र वाजतं. दुसरे रघूजीराजे भोसले यांच्या काळापासून नागपुरात लहान पोरांचा हा पोळा आहे असं पप्पा दरवर्षी न चुकता सांगायचे, आणि मी दरवर्षी न चुकता विचारायची की मग मला बैल काऊन नाही. पोरींना बैल कशाला असं आजी म्हणायची. भाऊ गल्लीभर बैल फिरवून घरोघरचा बोजारा, म्हणजे खाऊ आणि पैसे, गोळा करून यायचा आणि मी त्याच्या मागे मागे दोरीचा शेवटचा टोक धरून. मनूला तो बैल मिळाला तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही, पण मी स्वतः बसून त्याला नवीन रंग दिला होता, शिंगं सोनेरी केली होती. आणि त्याच बैलावरून मी तिला मारलं.

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे पिठोरी अमावस्या. माझी आई आमच्यासाठी पिठोरी करायची, लग्नानंतर नाही पण मनू झाल्यावर मी पण करायला लागली. मला या पूजेतली एकच गोष्ट फार आवडते. चौसष्ट योगिनींची पूजा झाली की आई खीर-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते, मागे वळून पाहायचं नाही, आणि विचारते, अतीत कोण, म्हणजे अतिथी कोण? मागे उभं असलेलं लेकरू म्हणतं, मी! मग न बघता वाण त्याच्या हातात द्यायचं. लहानपणी मी आणि भाऊ त्यात ढकलाढकली करायचो, पहिले मी, पहिले मी. आईला पाठ फिरवलेली असूनही कळायचं की कोणाचा हात आहे, ती हात चाचपून सांगायची, हा तुझा नाही, तू थांब, लहान्याला घेऊ दे.

मी सकाळी सात वाजता, केस ओले, अंगावर साडी, मोबाईलवर ऑफिसचे मेसेज येऊन राहिलेले, वाण मागे धरलं आणि विचारलं, अतीत कोण?

मागून काही आवाज नाही.

सासूबाई हळूच म्हणाल्या, बोल ना मनू. मी परत विचारलं, अतीत कोण? माझे हात वर, खीर हलून राहिली, आणि मागे वळायचं नाही. किती वेळ गेला असेल, दहा सेकंद, पंधरा. मी तेवढ्यात काय काय विचार केला. तिला झोप आली असेल, ती रुसली असेल, ती तिथे नसेलच. मग एकदम बारीक आवाज आला, मी. आणि वाण माझ्या हातातून उचललं गेलं, पण तिची बोटं माझ्या बोटांना लागली नाहीत, तिने वाटीला खालून धरलं होतं.

म्हणजे दुसऱ्या दिवशी गॅलरीत ती जे ओरडली, ते अचानक नव्हतं आलं.

मारबतीबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. पप्पा म्हणतात काळी मारबत म्हणजे बाकाबाई, भोसल्यांच्या घराण्यातली, इंग्रजांना सामील झाली म्हणून लोकांनी तिची धिंड काढायला सुरुवात केली, ते १८८१ पासून, आणि पिवळी १८८५ पासून, जगनाथ बुधवारीतून निघते ती. हे ते पेपरात वाचून दाखवल्यासारखं सांगतात. आजीला बाकाबाई वगैरे काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी मारबत म्हणजे पूतना. कृष्णाला मारायला आलेली, थानाला विष लावून त्याला पाजायला बसलेली मावशी. तिच्या गावी पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूला पळसाच्या फांद्या लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून गावाबाहेर न्यायचे, जाताना ओरडायचं, घेऊन जा गे मारबत. मी तिला विचारलं होतं, मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, की पूतना एवढी वाईट, तर मग पिवळ्या मारबतीची बाया आधी पूजा काऊन करतात, हात काऊन जोडतात. आजी तांदूळ निवडून राहिली होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "पाजलं नं तिनं बाप्पा. इख का असंना, पाजलं तं. म्हून देवानं तिले मायचीच जागा देली."

हे भागवतातच आहे हे मला फार नंतर कळलं, की कृष्णाने तिचे प्राण घेतले पण तिला आईची गती दिली. आजी शाळेत गेली नव्हती. तिने कुठेतरी कीर्तनात ऐकलं असेल आणि मनात धरून ठेवलं असेल. सहा लेकरं वाढवलेल्या बाईने ते काऊन धरून ठेवलं असेल, हे मला आता, या पोळ्यानंतर, थोडंसं समजून राहिलं आहे. एकाच अंगातून दोन्ही येतं. सकाळी मी मनूच्या डब्यात तिच्या आवडीचे छोटे छोटे पराठे देते, गोल नाही, चांदणीच्या आकाराचे, त्यासाठी दहा मिनिटं आधी उठते, आणि त्याच दहा मिनिटांनंतर तिचा एक सॉक्स सापडत नाही म्हणून मी असं काही बोलते की ती व्हॅनमध्ये बसेपर्यंत मान वर करत नाही. व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली की मी तिथेच उभी राहते. रोज ठरवते. रोज. आणि मला हे कोणी शिकवावं असं फार वाटतं, की हा जो राग येतो तो न्यायचा कुठे. ऑफिसमध्ये आणता येत नाही, तिथे कोणी काही बोललं तरी हो सर. नवऱ्यावर काढला तर भांडण, आणि भांडणाला वेळ नाही. सासूबाई तर एवढं करतात माझ्यासाठी. मग तो घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे जातो, ज्याला उलट बोलता येत नाही.

मारबतीहून परत महालात आलो, सगळे जेवले, पुरुष माणसं पंख्याखाली आडवी झाली. आई मागच्या खोलीत भांडी पुसून फडताळात ठेवून राहिली होती. मी तिला विचारलं, तुला एवढा राग यायचा, आता कुठे गेला तो? मला वाटलं ती नाकबूल करेल, मला कुठे राग यायचा म्हणेल. तिने ताट फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "यायचा नं. लई यायचा. तुझ्या आजीचा, तुझ्या पप्पाचा, पाणी नाही आलं त्याचा, अन निघायचा तुम्हा दोघांवर. मले नाही का माहीत."

मी म्हटलं मग तू काय करायची. तेव्हा तिने जे सांगितलं ते मी आजवर तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की आई देवासमोर बसायची. अर्धा तास, कधी पाऊण तास, डोळे मिटून. तेवढ्या वेळात तिला हाक मारायची नाही हा घराचा कायदा होता, आजी पण मारायची नाही. आम्ही दारातून वाकून बघायचो, निरांजनाच्या उजेडात तिचा चेहरा, आणि आम्हाला वाटायचं आई किती देवाची आहे, आईचं देवाशी बोलणं चाललंय. आई म्हणाली, "मी काहीच नव्हती बोलत वं देवाशी. नुसती बसायची. डोळे मिटले की कोणी हाक मारत नव्हतं, एवढंच. दिवसभरात तेवढीच एक जागा होती बसायला. आधी एक-दोन वर्षं तर मी मनात सगळ्यांना शिव्याच द्यायची तिथं बसून. मग बसता बसता हळूहळू देव पण येऊन बसला."

मला पुढे काही विचारताच आलं नाही. मी पण एक कपडा घेतला आणि तिच्या बाजूला बसून वाट्या पुसायला लागली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, सकाळी पोरगी जे ओरडली ते मनाला लावून घेतलं का? मी मान हलवली. ती म्हणाली, "तिनं राग न्यायला सांगितला. तुले न्यायला नाही सांगितलं. तू लहान होती नं, तर एकदा मी मारलं म्हणून तू म्हणाली होती, देवा या आईला घेऊन जा अन दुसरी दे. मी त्या दिवशी जेवली नव्हती." मला हे अजिबात आठवत नाही. तिला मात्र अजून शब्द न् शब्द पाठ आहेत. मी तिच्याकडे बघत राहिली आणि ती फडताळाचं दार लावता लावता सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, जा, बैल सजव तिचा, पाच वाजता पोळा आहे ना तुमच्या सोसायटीत.

संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये तान्हा पोळा भरला. मोठमोठे बैल होते, कोणाकोणाचे तर पोरांपेक्षा उंच, लायटिंग लावलेले. मनूचा बैल जुना, एक चाक किर्र करणारा, आणि खांद्याजवळ तूप लाकडात मुरून तो भाग काळपट, चकचकीत झालेला. मी आदल्या रात्री पुसून पाहिलं होतं, नाही निघालं. झुलीखाली झाकायला गेली तर मनूने झूल मागे सरकवली. तिला तो खांदा दिसायला पाहिजे होता. तोंडाला तिने सकाळची पुरणपोळी लावली होती, नैवेद्य म्हणून, ती वाळून तिथेच चिकटली होती. बक्षीस काही मिळालं नाही, बोजारा मात्र भरपूर मिळाला, बिस्किटाचे पुडे, दहा-दहाच्या नोटा, एक कंपास पेटी. घरी येऊन तिने सगळा बोजारा मोजला आणि त्यातले वीस रुपये माझ्या हातात ठेवले. म्हणाली, तुपाचे.

मी ते पैसे घेतले. नको म्हणणार होती, पण तिचा चेहरा पाहून घेतले. मग मी तिला जवळ घेऊन म्हटलं, मी मारलं ते चुकलं माझं, तू काही चुकीचं करून नव्हती राहिली. ती म्हणाली, हो. एवढंच, हो. आणि बिस्किटाचा पुडा फोडायला लागली.

परवा संध्याकाळी सासूबाई सत्संगाला गेल्या होत्या, मीच दिवा लावला. त्याच वाटीतल्या तुपाचा. सोफ्यावरची थोडी धूळ त्यात आलीच होती, वात तडतडली आधी, मग स्थिर झाली. मी बसली, डोळे मिटले. देव वगैरे काही आला नाही, माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या आणि उद्याचा डबा. पाच मिनिटं झाली असतील तर मागून किर्र, किर्र, बैलाचं चाक. माझ्या पाठीशी येऊन थांबलं.

"आई, झोपली का?"

"नाही."

"मग काय करून राहिली?"

"बसली आहे."

थोडा वेळ काही नाही. मग ती माझ्या बाजूला येऊन मांडी घालून बसली, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला, बैल आमच्या दोघींच्या मधे. मी डोळे उघडून पाहिलं तर बैलाच्या तोंडापासून खाली फरशीवर मुंग्यांची रांग, लाल, बारीक, त्या वाळलेल्या पुरणाला लागलेल्या, आणि रांग पार देवघराच्या कोपऱ्यापर्यंत. नुकतीच फरशी पुसली होती मी. मनूने पण पाहिलं, आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि घाईघाईने म्हणाली, "आई, त्या आपोआप नाही आल्या, मी आवतण दिलं होतं ना."

मी म्हटलं, "मग जेवू दे त्यांना."